रुळांलगतचे तळहाताएवढे शिवार

मॉडेल रेल्वेच्या छंदात पाहणाऱ्याचे लक्ष सर्वप्रथम इंजिनाकडे व डब्यांकडे जाते, हे स्वाभाविकच होय. मात्र ही गाडी कोणत्या मुलखातून, कोणत्या काळात आणि काय वाहून नेण्यासाठी धावत आहे, याचे उत्तर एकटे इंजिन देऊ शकत नाही. ते उत्तर रुळांलगतचे शिवार देते. उभे पीक, कुंपणाचे खांब, गवताचे गठ्ठे, ट्रॅक्टरचा रंग आणि गोठ्यापासून निघालेली पायवाट यांतून प्रदेश, साल आणि महिना असा तिहेरी संदर्भ उभा राहतो. त्यामुळेच या छंदातील जाणकार शेताच्या प्रतिकृतीला केवळ शोभेची बाब मानत नाहीत. नाहीशा झालेल्या शेतीपद्धतीची मोजमापांसह केलेली ती एक नोंद असते. ही नोंद विश्वासार्ह कशी ठरते आणि कोठे चुकते, हे समजून घेण्याजोगे आहे.

एकराचे गणित

जगभरात सर्वाधिक वापरात असलेले प्रमाण म्हणजे 'एचओ'. यात मूळ वस्तूच्या १/८७ आकाराची प्रतिकृती केली जाते व दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याखालोखाल लोकप्रिय असलेल्या 'एन' प्रमाणात हे अंतर ९ मिलिमीटर असून प्रतिकृती बहुतांश देशांत १/१६० आकाराची असते. एचओ प्रमाणात पाच फूट सात इंच उंचीचा शेतकरी जेमतेम साडेएकोणीस मिलिमीटरचा होतो, तर खांद्यापर्यंत १.४ मीटर उंच असलेली गाय १६ मिलिमीटरची.

माणसे व जनावरे अशी सहज मावतात, परंतु जमीन मावत नाही. एक एकराचा चौरस तुकडा एचओ प्रमाणात प्रत्येक बाजूस ७३ सेंटिमीटर भरतो. याचाच अर्थ, आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर रूळ, स्थानक व गाव काहीही न मांडता सगळी मिळून साडेपाच एकर जमीन बसते. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये वसाहतकारांना १६० एकरांपर्यंत जमीन देण्यात आली. अर्धा मैल लांब व तितकेच रुंद असे हे शेत एचओ प्रमाणात उभारायचे झाल्यास सव्वानऊ मीटर लांबी-रुंदीचे दालन लागेल.

म्हणून शेताचा आकार नव्हे, तर त्याचा भास उभा केला जातो. पिकाच्या ओळी टेबलाच्या कडेशी समांतर न ठेवता तिरप्या ठेवतात, जेणेकरून शेत कडेपाशी संपत नसून पुढे पसरले आहे असे वाटावे. दुसरी बाजू झाडांच्या रांगेआड किंवा लहानशा उंचवट्यामागे दडवली जाते. मागील भिंतीलगत एन प्रमाणातील लहान कोठार ठेवले की ते दूर असल्याचा आभास निर्माण होतो. लांबी-रुंदी अशी आखडती घेता येते. मात्र पिकाची उंची, ओळींमधील अंतर आणि फाटकाची रुंदी यांत काटछाट करता येत नाही, कारण तेथे डोळा चटकन चूक पकडतो.

शेत व गाडी यांचे नाते

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेत हा या छंदातील सर्वाधिक आवडता विषय होय. लाल रंगाचे दुमोडी छपराचे लाकडी कोठार, शेजारी मुरघासाचा उंच मनोरा म्हणजे सायलो, पाणी उपसणारी पवनचक्की आणि मक्याचे शेत ही त्याची ठरलेली अंगे. परंतु ही अंगे एकत्र ठेवल्याने दृश्य पूर्ण होत नाही. शेतमाल गाडीपर्यंत कसा पोहोचतो, हे दिसावे लागते.

धान्य आधी रुळांलगतच्या उंच साठवण इमारतीत, म्हणजे ग्रेन एलिव्हेटरमध्ये जाई. तेथून ते चाळीस फुटी बंद डब्यांत भरले जाई. डब्याच्या दारातून धान्य सांडू नये म्हणून आतून तात्पुरत्या फळ्या ठोकत असत. १९६० च्या दशकापासून वरून भरता व खालून रिकामे करता येणाऱ्या हॉपर वाघिणींनी त्यांची जागा घेण्यास प्रारंभ केला. त्यामुळे कोणता डबा एलिव्हेटरपाशी उभा आहे, यावरूनही दृश्याचा काळ ठरतो.

जनावरांच्या वाहतुकीचेही तसेच. १८७३ च्या अमेरिकी कायद्याने जनावरे सलग २८ तासांहून अधिक काळ डब्यात कोंडून ठेवण्यास मनाई केली व त्यांना उतरवून चारा, पाणी आणि विश्रांती देणे बंधनकारक केले. १९०६ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी मूळ दंडक कायम राहिला. रुळांलगत कोंडवाडा, उतरंडीची फळी आणि पाण्याचे टाके का असत, याचा उलगडा या तरतुदीतून होतो.

साल आणि महिना

या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक म्हणजे काळाची सरमिसळ. गवताचे माणसाच्या छातीएवढे गोल गठ्ठे बांधणारे यंत्र आयोवा राज्यातील गॅरी व्हर्मीर यांनी १९७१ मध्ये तयार केले. वाफेच्या इंजिनांच्या काळातील शेतात असे गठ्ठे ठेवले, तर ते दृश्य खोटे ठरते. फार्मॉल ट्रॅक्टर आज लाल रंगासाठी ओळखले जातात, परंतु तो रंग १९३६ च्या अखेरीस आला. त्यापूर्वी ते राखाडी होते.

मक्याच्या ओळींमधील अंतरही बोलके आहे. घोड्यांनी कोळपणी होत असे तेव्हा दोन ओळींमधून घोडा जाण्याइतकी, म्हणजे ४० ते ४२ इंच जागा सोडावी लागे. एचओ प्रमाणात हे अंतर सुमारे १२ मिलिमीटर होते. घोडे गेले, यंत्रे व तणनाशके आली आणि ३० इंचांचे अंतर रूढ झाले. प्रतिकृतीत ते पावणेनऊ मिलिमीटर भरते. सव्वातीन मिलिमीटरच्या या फरकात शेतीतील एक मोठे स्थित्यंतर सामावलेले आहे.

ऋतूची शिस्तही तितकीच महत्त्वाची. अमेरिकेच्या या पट्ट्यात जुलैच्या मध्यात हिवाळी गव्हाचे पिवळे धसकट व हिरवागार मका शेजारी शेजारी दिसू शकतात. वाळलेला मका आणि फुललेले सफरचंदाचे झाड मात्र एकत्र दिसणार नाहीत.

माती, सरी आणि गवत

साहित्य महागडे असलेच पाहिजे असे नाही. पाया थर्मोकोलचा किंवा दाट फोमचा करतात. मातीसाठी सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे मातीच. ती बारीक चाळून व तापवून घेतात आणि तिच्यावरून चुंबक फिरवून लोहकण काढून टाकतात. हे कण इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाकडे ओढले जाऊन बिघाड होण्याची शक्यता असते. माती पसरल्यावर पांढऱ्या गोंदात तेवढेच पाणी व भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब मिसळून ते मिश्रण ड्रॉपरने सोडतात. साबणामुळे पृष्ठताण कमी होऊन गोंद मातीत मुरतो, तिचे गोळे होत नाहीत.

नांगरट दाखवण्यासाठी माती मिसळलेल्या ओल्या प्लास्टरवरून कंगवा ओढला जातो. गवतासाठी दोन ते सहा मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे तंतू वापरतात. विशिष्ट उपकरणाने त्यांना विद्युतभार दिला की ते गोंदावर उभे चिकटतात. पिकलेल्या गव्हासाठी लांब केसांचे कृत्रिम लोकरी कापड कातरून व रंगवून वापरण्याची पद्धत आहे. दोन मिलिमीटर जाडीची आगकाडी एचओ प्रमाणात सतरा सेंटिमीटर जाडीचा कुंपणाचा खांब होते. तारेसाठी बारीक लवचिक दोरा चालतो. रंग मूळ वस्तूपेक्षा किंचित फिका ठेवावा लागतो, कारण खोलीतील मंद प्रकाशात लहान वस्तू अधिक गडद दिसते.

काम संपल्यावर एक साधी कसोटी लावता येते. ट्रॅक्टर कोठारातून शेतापर्यंत जाऊ शकतो काय? गायीला पाण्यापर्यंत वाट आहे काय? कुंपणाला फाटक आहे काय, आणि ते ४० ते ५५ मिलिमीटर रुंद आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास तेथे शेत आहे, पण शेतकरी नाही, असे समजावे.

पेंडनचा वस्तुपाठ

अशा प्रतिकृतींचे मोल काय, याचे उत्तर इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यातील लाँग विटनम या खेड्यात पाहावयास मिळते. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेले रॉय इंग्लंड नावाचे गृहस्थ तेथील व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्याच्या प्रेमात पडले. गवताने शाकारलेली घरे व जुनी ग्रामरचना डोळ्यांदेखत बदलत असल्याचे पाहून ते अस्वस्थ झाले. हा मुलूख प्रतिकृतीच्या रूपाने जतन करावयाचा, असा ध्यास त्यांनी घेतला व १९५४ मध्ये पेंडन संग्रहालयाची स्थापना झाली. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी स्वयंसेवकांनी काम पुढे चालू ठेवले.

येथे एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १/७६ हे प्रमाण वापरले आहे. कार्डावर विटा उमटवून व जलरंगांनी रंगवून उभारलेली घरे प्रत्यक्ष घरांच्या मोजमापांवरून केलेली आहेत. एकत्र आल्यावर ती ज्या गावाचा भाग होतात ते 'पेंडन पार्वा' मात्र काल्पनिक आहे. गाव कल्पित, पण त्यातील प्रत्येक घर, कोठार व कुंपण खरे, हे तत्त्व येथे कसोशीने पाळले गेले. मूळ रचना बदलून गेल्यावर दोन महायुद्धांमधल्या काळातील त्या खोऱ्याचे रूप पाहण्यासाठी लोक या प्रतिकृतीकडे येतात.

आपल्याकडील न झालेली नोंद

महाराष्ट्रात या छंदाचे दर्शन पुण्यातील कोथरूड येथे घडते. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये तेथे सुरू झाले. एचओ प्रमाणातील गाड्यांभोवती संपूर्ण शहर मांडलेली ही प्रतिकृती पाहून छंदाची गोडी लागलेल्यांपुढे एक अडचण उभी राहते. बाजारातील तयार कोठारे, कुंपणे व जनावरे प्रामुख्याने युरोप-अमेरिकेची असतात. दख्खनचे शिवार हाताने घडवण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यासाठी विषयांची वाण नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली व पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली. तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे होते. एचओ प्रमाणात हे अंतर पावणेनऊ मिलिमीटर होते, म्हणजे बाजारात सहज मिळणारे एन प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ येथे चपखल बसतात. हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला असून ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या दुतर्फा असलेले रब्बी ज्वारीचे शिवार एचओ प्रमाणात मांडायचे झाल्यास दोन ओळींत पाच मिलिमीटर अंतर आणि २४ मिलिमीटर उंचीची ताटे लागतील. महिना माघाचा ठेवल्यास कणसे भरलेली हवीत, पाखरे राखण्यासाठी माळा हवा आणि काढणी झालेल्या वावरात कडब्याची गंज हवी.

खरी अडचण कारागिरीची नसून माहितीची आहे. मोटेचे थारोळे किती लांब असे, खळ्याचा व्यास किती, बैलगाडीच्या दोन चाकांत अंतर किती, ही मोजमापे वयोवृद्ध शेतकरी व सुतार यांच्या स्मरणात आहेत. रॉय इंग्लंड यांना घरे उभी असताना ती मोजता आली. येथे मोट थांबून कित्येक वर्षे लोटली असली, तरी अनेक जुन्या विहिरींची दगडी थारोळी अद्याप जागेवर आहेत. गावी जाताना सोबत मोजपट्टी, वही व कॅमेरा नेल्यास या नोंदीचा आरंभ होऊ शकतो. प्रतिकृती नंतर केव्हाही करता येईल.