काजळ, सिरिंज आणि एम-सील

लोकल बेगडेवाडीला थांबते न थांबते तोच निघते. देहूरोड आणि घोरावाडीच्या मधलं हे छोटं स्टेशन. २००४ च्या सुमारास पिंपरीहून येताना मी इथे उतरायचो, तेव्हा माझ्या पिशवीत बरेचदा सुईची सिरिंज आणि काळ्या शाईची बाटली असे. बोटं कायम काळी. डब्यातल्या एका काकांनी तर मला कंपाउंडर समजून पाठदुखीवरचं औषध विचारलं होतं!

नवीन कार्ट्रिज परवडत नसे, म्हणून घरीच भरायचं. यात आपण काही नवीन करतोय असं तेव्हा वाटायचं. पण जरा मागे गेलं की लक्षात येतं, शाई घरीच करायची ही तर आपल्याकडची जुनीच रीत. दिव्याचं काजळ धरायचं, बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवायचा, खलात दोन्ही खूप वेळ घोटायचं. बोरूने लिहिलेल्या पोथ्या अशाच शाईच्या. पुढे १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकरांनी गिरगावात 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पाणी आपल्या घरचं, शाई त्यांची. तीच पुढे आपल्या सगळ्यांच्या दप्तरातली कॅम्लिन. म्हणजे शाळेत पेनात ड्रॉपरने शाई भरणारे आपण सगळे 'रीफिल'वालेच की!

गंमत पुढेच आहे. कॅननच्या उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेटचा जन्मच मुळी सिरिंजमधून झालाय. १९७७ मध्ये जपानात कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंग गन लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो, तो शाईला बाहेर ढकलतो. त्यावरून 'बबल जेट' आलं. एचपीचे लोक अमेरिकेत स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. आम्ही बेगडेवाडीत सिरिंज उलटी वापरत होतो, एवढंच.

भरणं सोपं, बंद करणं कठीण. लेबल सोलायचं, खालच्या छिद्रातून सुई स्पंजात घालायची आणि अगदी सावकाश दाबायचं. घाई केली की स्पंजात हवा अडकते. माझी पहिली दोन कार्ट्रिजं मी एम-सीलने झकास हवाबंद केली, आणि दहा पानांनंतर छपाई बंद! शाई खाली जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते. मी त्याचा श्वासच कोंडला होता. उलट कॅननच्या काही टाक्यांमध्ये अर्धा भाग स्पंजाचा, अर्धा मोकळा. तिथे मोकळ्या भागाचं छिद्र घट्ट बंदच हवं, नाहीतर सगळी शाई टेबलावर. कुठे बुजवायचं आणि कुठे नाही, यातच सगळी विद्या.

पण मला जी चूक महागात पडली ती वेगळीच.

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी तिच्या शेवटच्या वर्षी बसून टाइप केल्या. ती म्हणायची, मी टंकायचो. प्रिंटरमध्ये एचपीचं ५६ नंबरचं कार्ट्रिज होतं, १९ मिलिलिटरचं. त्यातली मूळ काळी शाई रंगकणांची, म्हणजे जात काजळाचीच. मी भरली होती 'सर्व प्रिंटरसाठी' असं लिहिलेली स्वस्त शाई. ती निघाली पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. कागदावर दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात हो! २००५ च्या पावसाळ्यात कौलं गळली. मावळातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. फाइल ज्या हार्डडिस्कवर होती ती आधीच गेलेली. ट्रंकेतून कागद काढले तेव्हा पानांवर जांभळट ढग होते. आई तेव्हा नव्हती.

इथून जवळच देहू. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण काजळ पाण्यात विरघळत नाही, एवढं मला त्या दिवसापासून पक्कं ठाऊक आहे.

असो. पुढे जग आमच्याच वाटेने आलं. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि टाक्या जोडत. ते पाहून २०१० मध्ये एप्सनने तिथे स्वतःच टाकीवाला प्रिंटर आणला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं, की एकदा कार्ट्रिज विकलं की कंपनीचा त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आम्ही थांबलोही नव्हतो.

आता घरी टाकीवालाच प्रिंटर आहे. मावशीला आठवतात तेवढ्या ओव्या पुन्हा लिहून घेतोय. आतापर्यंत एकेचाळीस झाल्या. छापल्यावर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर आधी पाण्याचा थेंब टाकून बघतो. मावशी हसते.