मोटारींतील ऊब : आड, दोर आणि पोहरा



शिकागो किंवा टोरोंटोसारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरीं हिवाळ्यांतल्या एखाद्या सकाळीं मोटार सुरू करावी, हीटरची कळ फिरवावी, आणि ऊब येण्याऐवजीं बर्फासारखा गार वारा तोंडावर यावा, हा अनुभव तिकडे नवा नाहीं. तेथें जाऊन राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींनाही तो ठाऊक आहे. अशा वेळीं मनुष्याचा पहिला समज असा होतो कीं, डॅशबोर्डामागें कोठें तरी एखादी शेगडी असावी आणि ती विझली असावी. परंतु पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत अशी शेगडी नसतेच. इंजिनानें टाकून दिलेली उष्णता पाण्याच्या वाटेनें माणसांपर्यंत आणावयाची, एवढेंच हीटरचें काम. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. हीटरची सारी विद्या या म्हणींत सांठविलेली आहे. इंजिन हा आड, पाण्याच्या नळ्या आणि पंप हा दोर, आणि डॅशबोर्डामागचा लहानसा रेडिएटर हा पोहरा. यांतील प्रत्येक भाग निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या अडचणींतून जन्मास आला. आणि हा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला बिघाड कोठें शोधावा हें निम्में आपोआप समजतें.

मोटार जन्मली ती घोडागाडीच्या घराण्यांत. पहिल्या मोटारी बहुधा उघड्याच असत. त्यांतून हिवाळ्यांत प्रवास करणारे लोक मांडीवर जाड पांघरुणें घेत, तापविलेल्या विटा फडक्यांत गुंडाळून पायांशीं ठेवीत, किंवा आंत कोळशाच्या वड्या धुमसत राहतील असे पत्र्याचे डबे बाळगीत. हीं सारीं साधनें घोडागाडींतूनच आलेलीं होतीं. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनीं १८९३ सालीं ‘कार हीटर’ या नांवाचें पेटंट मिळविलें, आणि त्यावरून मोटारींतल्या हीटरच्या आद्य जनक त्याच, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. परंतु त्या काळच्या अमेरिकन भाषेंत कार म्हणजे मुख्यतः आगगाडीचा किंवा ट्रामचा डबा. मोटारगाडी त्या वर्षीं अमेरिकेंत नुकती कोठें प्रयोगाच्या पाळण्यांत होती. विल्कॉक्स बाईंचें श्रेय कमी करण्याचें कारण नाहीं. मात्र तें योग्य गाडीच्या दारांत नेऊन ठेविलें पाहिजे.

उघड्या गाडींत ऊब टिकणार तरी कशी? म्हणून हीटरचा खरा इतिहास सुरू होतो तो बंद गाडीपासून. १९१९ सालीं अमेरिकेंत तयार होणाऱ्या मोटारींपैकीं सुमारें दहांतली एकच गाडी बंद असे. १९२७ च्या सुमारास हें प्रमाण अगदीं उलटलें आणि बहुसंख्य गाड्या छपराच्या व कांचांच्या झाल्या. आतां आंतली ऊब आंत राहूं लागली. पण तिच्याबरोबर आणखी एक पाहुणा आंत राहूं लागला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इंजिनांत सर्वांत तापलेली वस्तु म्हणजे जळलेला वायु बाहेर नेणारी धुराची नळी. तेव्हां तिच्याभोंवतीं पत्र्याचें आवरण घालावें, त्या आवरणांतून हवा खेळवावी, आणि ती तापलेली हवा पायांखालच्या जाळींतून आंत सोडावी, ही युक्ति प्रथम सुचली. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीस १९२९ च्या सुमारास असा हीटर जोडतां येत असे. युक्ति स्वस्त होती आणि ऊबही लवकर येई. परंतु त्या नळीला कोठें बारीकशी चीर पडली, तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड वायु आंत शिरे. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं त्याची गांठ प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट बसते. उघड्या गाडींत तो वाऱ्यावर उडून गेला असता. बंद गाडींत तो साऱ्यांबरोबर मुक्कामास राही, आणि उबेंत पेंगणारा माणूस त्याच पेंगेंत दगावण्याचें भय असे. पुढें फोक्सवागन बीटलसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांनीं हीच जुनी वाट सुधारून वापरली. अशी जुनी गाडी ज्याच्यापाशीं असेल, त्यानें धुराच्या नळीभोंवतींचीं आवरणें गंजलीं आहेत काय, हें दर हिवाळ्यापूर्वीं पाहावें. हीटर लावल्यावर डोकें दुखूं लागलें, तर प्रथम कांचा उघडाव्या आणि गाडींतून बाहेर पडावें. दुरुस्तीचा विचार मागाहून.

या भयानें आणि धुराच्या वासानें कंटाळलेल्या लोकांची दृष्टि इंजिनाच्या पाण्याकडे वळली. पेट्रोलच्या ज्वलनांतून जी उष्णता निघते, तिचा पाव ते एकतृतीयांश भाग गाडी चालविण्याच्या कामीं येतो; उरलेला बराचसा भाग धुरावाटें आणि इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यावाटें वायां जातो. हें तापलेलें पाणी थोडेंसें वळवून गाडींत आणावें, एका लहान रेडिएटरांतून फिरवावें आणि मागें पंखा लावावा, म्हणजे शुद्ध ऊब मिळेल. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असे पाण्याचे हीटर विकत मिळूं लागले, आणि पुढच्या दहा वर्षांत ते सर्वत्र पसरले.

परंतु हें वाटतें तितकें सोपें नव्हतें. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत, पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपच नसे. गरम पाणी हलकें होऊन वर चढतें आणि थंड पाणी खालीं येतें, एवढ्या नैसर्गिक ओढीवर तिचें काम चाले. अशा मंद प्रवाहानें लांबच्या नळ्यांतून हीटरपर्यंत पाणी जोमानें पोंचणें कठीण. पंप आला तेव्हां दोराला बळ आलें.

दुसरी अडचण थंडीचीच. पाणी गोठलें कीं सुमारें नऊ टक्के फुगतें आणि ओतीव लोखंडाचें इंजिन फोडून टाकतें. म्हणून पाण्यांत मद्यार्क मिसळीत. पण तो पाण्याच्या आधींच उकळून उडून जाई. तो उडूं नये म्हणून इंजिन ६० ते ७० अंश सेल्सियसच्या आसपासच ठेवावें लागे. आणि आडच कोमट, तर पोहरा गरम कोठून निघणार? १९२७ सालीं ‘प्रेस्टोन’ या नांवानें एथिलीन ग्लायकोल बाजारांत आलें. तें १९७ अंशांपर्यंत उकळत नाहीं, आणि निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असें मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. इंजिनाला निर्धास्त तापूं देतां येऊं लागलें, तें या द्रवामुळें. आज आपण ज्याला कूलंट म्हणतों त्याचा मूळ पुरुष हाच. तो चवीला गोडसर परंतु विषारी आहे, यासाठीं सांडलेला द्रव मुलें आणि कुत्रीं यांच्यापासून दूर ठेवावा.

तिसरा भाग थर्मोस्टॅटचा. इंजिन थंड असतांना मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवावयाची आणि पाणी तापल्यावर ती उघडावयाची, असा हा द्वारपाल. १९१४ च्या अखेरीस आलेल्या कॅडिलॅकच्या आठ सिलिंडरांच्या गाडींत असा द्वारपाल होता. आरंभीं त्याचें शरीर म्हणजे आंत उडणारा द्रव भरलेला धातूचा भाता असे. १९३० नंतरच्या दशकांत सर्जियस व्हर्नेट यांनीं मेण वितळून फुगतें या गुणावर चालणारा थर्मोस्टॅट सिद्ध केला, आणि आजही बहुतेक गाड्यांत मेणच हें काम करतें.

आतां गार वाऱ्याचें कोडें हातीं घेऊं. इतिहासाच्या क्रमानेंच चालावें. पहिला प्रश्न, आडांत पाणी आहे काय? इंजिन पूर्ण निवलेलें असतांना कूलंटची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचें झाकण कधींही उघडूं नये, कारण आंतलें दाबाखालचें पाणी अंगावर उसळतें. पाणी कमी झालें कीं हवेचा फुगा मार्गांत अडकतो, आणि हीटरची नळी बहुधा उंचावर असल्यामुळें प्रथम तीच कोरडी पडते. दुसरा प्रश्न, आड तापतो काय? गाडी बराच वेळ चालूनही उष्णतेचा कांटा खालींच राहत असेल, आणि इंजिनाकडून मोठ्या रेडिएटरकडे जाणारी नळी सुरू केल्यापासूनच हळूहळू कोमट होत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असें समजावें. तिसरा प्रश्न दोराचा आणि पोहऱ्याचा. हीटरला जाणाऱ्या आणि हीटरकडून येणाऱ्या अशा दोन नळ्या असतात. फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात जपून त्यांना ओझरता स्पर्श करावा. एक कढत आणि दुसरी गार लागली, तर हीटरच्या लहान रेडिएटरांत गंज आणि गाळ बसला आहे, अथवा वाटेंतली झडप बंद राहिली आहे. गळती थांबविण्याचीं चूर्णें पुष्कळदां इंजिनाऐवजीं हाच बारीक मार्ग बुजवितात.

आणि दोन्ही नळ्या कढत असूनही वारा गारच आला तर? त्यासाठीं इतिहासाचें आणखी एक पान उलटावें लागतें. जुने हीटर आंतलीच हवा पुन्हां पुन्हां तापवीत. श्वासाची वाफ कांचांवर सांचे आणि समोरचें दिसेनासें होई. विस्कॉन्सिन राज्यांतील केनोशा येथील नॅश कंपनीनें १९३८ च्या गाड्यांत बाहेरची हवा आंत घेऊन, गाळून, तापवून सोडण्याची पद्धति आणली. आंतला दाब बाहेरच्याहून किंचित् अधिक राही, त्यामुळें फटींतून थंडी शिरत नसे. पुढच्याच वर्षीं तिला उष्णता आपोआप राखणारा थर्मोस्टॅट जोडून ‘वेदर आय’ हें नांव दिलें. नील्स एरिक वॉलबर्ग या अभियंत्याचें नांव या कामाशीं निगडित आहे. यानंतर हीटर म्हणजे केवळ पाण्याचा मार्ग न राहतां हवेचाही मार्ग झाला, आणि गरम व गार हवा यांच्या मिश्रणासाठीं पुढें आंत पडदे बसले. आजच्या गाडींत तो पडदा लहानशी विजेची मोटर हलविते. तिचे दांते मोडले कीं डॅशबोर्डामागून टकटक ऐकूं येते, आणि पाणी कढत असूनही माणूस गारठतो.

या सर्व चौकशींत एक खूण विसरूं नये. हीटरमधून गार वारा येत असतांनाच उष्णतेचा कांटा वर चढत असेल, तर आड आटत चालला आहे. अशा वेळीं गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावें. थोडक्या अंतराच्या मोहानें सबंध इंजिन गमावण्याची पाळी येते. तसेंच गोडसर वास, समोरच्या कांचेवर चिकट वाफ आणि पायांखालचा ओला गालिचा ही तिन्ही हीटरचा रेडिएटर गळत असल्याचीं लक्षणें होत.

कोणी म्हणेल, ही सारी चैनीची चर्चा आहे. एके काळीं ती तशी होतीही. १९५९ सालीं निघालेल्या ब्रिटिश ‘मिनी’च्या साध्या गाडींत हीटरचे पैसे वेगळे मोजावे लागत. परंतु धुकटलेल्या कांचेमागून गाडी हांकणें म्हणजे डोळे बांधून हांकणें होय, हें पटल्यावर अमेरिकेच्या सरकारनें १९६८ पासून समोरची कांच स्वच्छ करणारी योजना गाड्यांत असलीच पाहिजे असा नियम केला. आपल्या कोंकणांतल्या पावसाळ्यांत ज्यांनीं गाडी चालविली आहे, त्यांना या नियमाचें मोल वेगळें सांगावयास नको.

विजेच्या मोटारींनीं आतां या इतिहासाला निराळेंच वळण दिलें आहे. त्यांची यंत्रें इतकीं काटकसरी कीं, फुकट वाटावी अशी उष्णता त्यांच्यापाशीं फारशी उरत नाहीं. तेव्हां बॅटरींतली वीज खर्चून ऊब निर्माण करावी लागते, आणि तितका प्रवास कमी होतो. म्हणून २०१३ च्या निस्सान लीफ गाडीपासून बाहेरच्या गार हवेंतूनही उष्णता ओढून आणणारा हीट पंप मोटारींत रुळूं लागला. कोळशाचा डबा पायांशीं घेऊन निघालेल्या प्रवाशाप्रमाणें मोटार पुन्हां एकदां आपली शेगडी बरोबर बाळगूं लागली आहे. शेगडी बदलली तरी शोधाची रीत तीच राहील. ऊब कोठें निर्माण होते आणि ती कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत येते, हें ज्याला ठाऊक आहे, तो गार वारा येतांच पोहऱ्याला दोष देण्यापूर्वीं आडांत वांकून पाहील.