दिवाणखाना आणि माजघर

आपल्याकडे जुन्या घरांच्या सजावटीचा विषय निघाला, की दृष्टी प्रथम दिवाणखान्याकडे वळते. नक्षीदार खांब, छताला टांगलेल्या हंड्या-झुंबरे, लोड-तक्क्यांची बैठक आणि भिंतीवरच्या तसबिरी यांचे वर्णन आपण आवडीने ऐकतो. इतिहासकारांनीही तेच अधिक केले आहे. कारण मसलती दिवाणखान्यात झाल्या आणि कागद सदरेवर लिहिले गेले. परंतु पाहुण्याने पाहिलेला भाग म्हणजे संपूर्ण घर नव्हे. म्हणून आज आम्ही पुण्याच्या जुन्या वाड्यात दिंडीदरवाज्याने शिरून परसदारापर्यंत जाणार आहोत. आणि हे घर सजविले गेले ते कोणासाठी, एवढा एकच प्रश्न विचारणार आहोत.

शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. पुढे पेशवाईचा विस्तार होत गेला, तसे सरदारांचे, सावकारांचे आणि कारकुनांचे वाडे पेठापेठांतून उभे राहिले. त्यांची ठेवण साधारण एकच. खाली घडीव दगडाचे जोते, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, विटांच्या जाड भिंती आणि मधोमध उघडा चौक. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, जवळच सदर, माडीवर दिवाणखाना. आत माजघर, देवघर, कोठी आणि अगदी मागे स्वयंपाकघर. आज ज्याला आपण फर्निचर म्हणतो, ते या घरात फारसे नव्हते. कोनाडा, खुंटी आणि फडताळ ही भिंतीतच असत. बसावयाचे ते जमिनीवर, जेवावयाचे ते पाटावर, आणि निजावयाचे ते रात्री घातलेल्या अंथरुणावर. एकच जागा दिवसातून तीन कामांना येई. या रचनेत मोठे शहाणपण होते. जाड भिंतींमुळे वैशाखातही आत गारवा राही आणि चौकामुळे घराला वारा मिळे.

आता या घरात कारागिराचा हात कोठे फिरला, ते पाहू. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. त्याच्या दर्शनी भागावरील लाकडी कोरीवकाम आणि सुरूच्या आकाराचे खांब पाहून कोणाचीही मान डोलेल. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवर चित्रे काढविलेली आहेत. ही कला उत्तम होती, याबद्दल वाद नाही. परंतु सामान्यतः ती दर्शनी भागात आणि दिवाणखान्यात बहरते, आणि माजघराच्या उंबरठ्यापाशी थांबते. आतले खांब साधे, खिडकी लहान, आणि उजेड समईचा.

मग आतल्या घराला सजावट नव्हती काय? होती, पण तिला सुतार किंवा चितारी लागत नसे. शेणाने सारवलेली जमीन, कडेने ओढलेली पांढरी रेघ, दारापुढची रांगोळी आणि चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्यापितळेची उतरंड, ही त्या घराची शोभा. चैत्रगौरीची आरास हे तर तिचे शिखरच. अंगणात चैत्रांगण रेखावयाचे, गौर झोपाळ्यात बसवावयाची, आंब्याची डाळ आणि पन्हे करून गावातल्या बायकांना हळदीकुंकवास बोलवावयाचे. ज्या घरात एरवी पुरुषमाणसाच्या पाहुण्याचा मान, ते घर त्या दिवशी बायकांचे होई. मात्र हे सारे दुसऱ्या दिवशी पुसले जाई. आणि म्हणूनच कलेच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच झाली.

स्वयंपाकघर मागे असण्यास कारणे होती. लाकडी वाड्यास आगीचे भय मोठे. खुद्द शनिवारवाडा १८२८ साली आगीत भस्मसात झाला. शिवाय सोवळ्याचे बंधन होते. परंतु या व्यवस्थेचा भार कोणावर पडला? चुलीचा धूर कौलांतून वाट काढीपर्यंत रांधणारीच्या डोळ्यांत जाई. पहाटे जाते, मग पाणी, मग चूल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी भुयारी नळाने शहरातल्या हौदांत आले, ही त्या काळातली फार मोठी कामगिरी होय. तथापि हौदापासून घरातल्या रांजणापर्यंतचे अंतर कोणाच्या तरी कमरेने आणि खांद्यानेच तोडले जात होते.

इंग्रजी अमदानीत घराचे रूप पालटू लागले. खुर्ची आली, टेबल आले, भिंतीवर टोले देणारे घड्याळ आले, रॉकेलचा दिवा आला. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली; मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला; आणि जी चित्रे पूर्वी श्रीमंतालाच परवडत, ती मध्यम स्थितीतल्या गृहस्थाच्या भिंतीवर आली. परंतु नव्या वस्तू पहिल्याने शिरल्या त्या दिवाणखान्यात. नव्या विचारांचेही तसेच झाले. वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरची गोष्ट घ्या. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आपल्या शिक्षणाची हकीकत सांगितली आहे. पती शिकविण्यास उत्सुक. पण त्या शिक्षणापायी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी त्यांना खावी लागली. दिवाणखान्यात सुधारणा आली, तरी माजघरात ती पोहोचण्यास किती कष्ट पडतात, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

अर्थात सारा महाराष्ट्र वाड्यांत राहत नव्हता. १९२० नंतर मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. त्यांतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीतच चूल, तीतच बैठक, तीतच बाळंतीण आणि तीतच अभ्यास. दाटी भयंकर होती, तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु रांधणारी आणि पाहुणा यांच्यामधली भिंत तेथे उरली नाही, हेही खरे. पुढे प्रायमस स्टोव्ह, घरातला नळ, उभ्याने काम करण्याचा ओटा आणि १९५५ पासून मुंबईत मिळू लागलेला गॅस यांनी जे केले, ते शंभर झुंबरांनी केले नव्हते. बाईची कंबर सरळ झाली आणि तिच्या डोळ्यांतला धूर गेला. या गोष्टी सगळ्या घरी एकदम आल्या नाहीत. गरिबाच्या घरी फार उशिरा आल्या.

१९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातले कितीतरी वाडे पडले. उरलेल्यांपैकी पुष्कळ पुढे इमारतींसाठी पाडले गेले. जे राहिले ते राखलेच पाहिजेत. परंतु राखताना आपण बहुधा दर्शनी कमान आणि दिवाणखाना राखतो. चूल, जाते, रांजणाची जागा मोडीत काढतो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकाची भांडी वेचून वेचून पुण्याच्या संग्रहालयात ठेवली, यातली त्यांची दृष्टी म्हणूनच आम्हांस मोलाची वाटते. आणि नवे घर सजविताना, पाहुणा बसेल त्या खोलीवर किती खर्च करावयाचा याचा विचार करण्यापूर्वी, घरातल्या माणसाला जेथे सर्वांत अधिक वेळ उभे राहावे लागते तेथे उजेड, वारा आणि पाणी पुरेसे आहे की नाही, हे आपण प्रथम पाहावे. घराची सजावट तेथून सुरू झाली पाहिजे.