पन्नास वाव खाली : पाणबुड्यांच्या जुन्या घड्याळांचा इतिहास

१/१०
१९५० च्या दशकाचा आरंभ. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एक स्विस गृहस्थ समुद्रात उतरला, खालच्या जगात रमला आणि वेळेचे भान हरपून बसला. टाकीतील हवा संपली. तो कसाबसा वर आला. त्याचे नाव जाँ-जाक फिश्टर. तो ‘ब्लाँपाँ’ या घड्याळ कंपनीचा प्रमुख होता.

२/१०
१९४३ साली कुस्तो आणि गान्याँ यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ घडवले. पाणबुड्या वरून येणाऱ्या नळीच्या बंधनातून सुटला. पण पाठीवरची हवा मोजकीच होती. आता मिनिटांचा हिशेब म्हणजे प्राणांचा हिशेब झाला.

३/१०
पाणी आत शिरू न देणारी घड्याळे त्याआधीही होती. रोलेक्सचे ‘ऑयस्टर’ १९२६ चे. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ते गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. त्या दिवशी तिचे पोहणे अपुरे राहिले, घड्याळ मात्र चालू होते. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ‘पानेराई’ने अंधारात उजळणाऱ्या तबकड्यांची घड्याळे बनवली.

४/१०
१९५२ मध्ये रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे फ्रेंच अधिकारी लढाऊ पाणबुड्यांचे पथक उभारत होते. त्यांना हवी होती काळी तबकडी, ठळक अंक, चमकणारे काटे आणि फिरते कडे. फिश्टरही त्याच वाटेवर होता. १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ अवतरले. फॅदम म्हणजे आपला वाव. पन्नास वाव म्हणजे ३०० फूट, सुमारे ९१ मीटर.

५/१०
कड्याची युक्ती साधी आहे. बुडी घेताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा जिथे असेल तिथला आकडा म्हणजे पाण्याखाली गेलेली मिनिटे. धक्क्याने कडे सरकले तर हिशेब चुकेल, म्हणून ब्लाँपाँने ते दाबल्याशिवाय फिरणार नाही अशी सोय केली. १९५४ मध्ये रोलेक्सचे ‘सबमरिनर’ही लोकांसमोर आले.

६/१०
या उजेडाची किंमत मोठी होती. तबकडीवरचा लेप रेडियमचा असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत. त्यांपैकी अनेकींचे जबडे झिजले, अनेकींनी प्राण गमावले. १९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली.

७/१०
संग्राहकाचे काम येथून सुरू होते, आणि ते इतिहासकाराच्या साधनचिकित्सेसारखेच आहे. तबकडीवर ‘टी’ हे अक्षर असेल, तर लेप ट्रिटियमचा. मग १९५३ च्या म्हणून दाखवलेल्या घड्याळात अशी तबकडी दिसली, तर ती नंतर बसवलेली असणार.

८/१०
तबकडीवरचे ठिपके पिवळसर आणि काटे पांढरेशुभ्र असतील, तर काटे बदललेले असण्याचा संशय घ्यावा. कडा गोलावलेल्या दिसल्या, तर घड्याळ वारंवार घासून चकचकीत केले असावे. साठ-सत्तर वर्षांचा लेप आजही झळकत असेल, तर तो नवा आहे.

९/१०
बाजार बदललेल्या तबकडीला दोष मानतो आणि किंमत उतरवतो. पण ही घड्याळे दागिने नव्हती, हत्यारे होती. ज्या कारागिराने रेडियमची तबकडी काढून सुरक्षित तबकडी बसवली, त्याने संग्राहकाचे नुकसान केले. पाणबुड्याचे मात्र रक्षण केले. तो बदलही त्या घड्याळाच्या सेवेचाच पुरावा आहे. खोटेपणा असतो तो बदल लपवण्यात.

१०/१०
रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १६०० वर्षांचे. लेपातील चमकणारे द्रव्य काही दशकांतच मरते, किरणोत्सर्ग मात्र राहतो. म्हणून असे घड्याळ हौसेने घरी उघडू नये. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. काळोखात काहीच दिसत नाही, तरी त्या तबकडीवरचा इतिहास अजून विझलेला नाही.