धनगरी ओवी : सीमाभागाचा मौखिक ठेवा

बेळगाव जिल्ह्यातील निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथाची यात्रा भरते. रात्रभर ढोलांचा जागर चालतो आणि पहाटेची भाकणूक ऐकण्यासाठी कर्नाटकासह महाराष्ट्र, गोव्यातूनही भाविक जमतात. ढोलाच्या या संस्कृतीतच वाढलेला गीतप्रकार म्हणजे धनगरी ओवी.

स्वरूप

संतांची ओवी ग्रंथात स्थिरावली, स्त्रियांची ओवी जात्याभोवती फिरली. धनगरांची ओवी मात्र मेंढरांच्या मागे रानोमाळ चालली. बिरोबा, धुळोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या कथा हा तिचा मुख्य विषय. ओवीकार कथेचा एक भाग गातो, साथीदार तो झेलतात. मग तोच भाग गद्यात सांगितला जातो आणि पुन्हा गाणे सुरू होते. संपूर्ण कथेला एक रात्रही अपुरी पडते. साथीला ढोल आणि झांज असते. याच वाद्यांवर गजनृत्यही रंगते.

दोन भाषांचा एक देव

मराठी धनगरांचा बिरोबा हाच कन्नड कुरुबांचा बीरेश्वर. कुरुबांचे ‘डोळ्ळू कुणित’ हे ढोलनृत्यही याच दैवताच्या उपासनेशी निगडित आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. प्रशासनाची भाषा बदलली, तरी यात्रांच्या वाटा बदलल्या नाहीत.

संकलन

या परंपरेचा सखोल अभ्यास जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी केला. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ 1976 मध्ये जर्मनमध्ये आणि 1989 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाउस व सहकाऱ्यांनी इंग्रजीत आणल्या. हे पुस्तक 2014 मध्ये निघाले. गायकाच्या तोंडची ओवी अक्षरात उतरली, ती अशा चिकाटीमुळेच.

शिक्षणाचा प्रश्न

ओवी शिकण्याची जुनी रीत साथीला बसण्याची. मुलगा आधी झांज धरतो, मग ओळी झेलू लागतो आणि वर्षानुवर्षे ऐकून कथा आत्मसात करतो. चराऊ राने आटली, मुले शाळा-नोकरीकडे वळली, तशी ही बैठक मोडत चालली आहे.

लोककलेच्या शिक्षणासाठी हावेरी जिल्ह्यातील गोटगोडी येथे कर्नाटक जनपद विद्यापीठ आहे; मुंबई विद्यापीठातही लोककला अकादमी आहे. मात्र स्पर्धा-महोत्सवांत मोजकीच मिनिटे मिळतात. त्यात ढोल आणि नृत्य बसते, रात्रभराची कथा बसत नाही. परिणामी नाच टिकतो आणि ओवी गळते.

म्हणून जतनाची पहिली अट संपूर्ण कथेचे ध्वनिमुद्रण ही आहे. गायकाची संमती, त्याचे नाव, गाव आणि प्रसंग यांची नोंद हवी. बोलीतील शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत. मराठीत मिसळलेले कन्नड शब्दही तसेच ठेवावेत. ध्वनिमुद्रण मात्र गुरूची जागा घेऊ शकत नाही. जाणत्या ओवीकाराला मानधन देऊन त्याच्यासोबत मुलांना बसविणे, ही दुसरी अट.

गोव्यातील गवळी-धनगरांच्या दसऱ्याच्या गीतनृत्यांपुढेही हाच प्रश्न आहे. ढोल पुन्हा घडविता येतो; जाणत्या ओवीकारासोबत गेलेली कथा परत येत नाही.