जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील स्थलांतरित महिलांचे प्रजनन आरोग्य

जुन्नर व आंबेगाव हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील उत्तरेकडील तालुके आहेत. हंगामी मजुरीसाठी येथे येणाऱ्या, तसेच तालुक्यांतर्गत स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांना गरोदरपण, प्रसूती, गर्भनिरोधन व स्त्रीरोग यांसंबंधीच्या सेवा सलगपणे मिळणे हा या भागातील सार्वजनिक आरोग्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे. आरोग्यसेवेची नोंद गावनिहाय ठेवली जाते, तर या स्त्रियांचे वास्तव्य हंगामानुसार बदलते. सेवेत खंड पडण्याचे हे मुख्य कारण आहे.

पार्श्वभूमी

कुकडी व घोड नद्यांवरील धरणांमुळे दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग बागायती झाला आहे. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे श्री विघ्नहर, तर आंबेगाव तालुक्यात दत्तात्रयनगर (पारगाव) येथे भीमाशंकर हा सहकारी साखर कारखाना आहे. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा असतो. या काळात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडाजवळ कोप्या उभारून राहतात. राज्यातील ऊसतोड मजुरांत बीड जिल्ह्यातील मजुरांची संख्या मोठी आहे.

दुसरे स्थलांतर तालुक्यांच्या आतच होते. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर समाजातील कुटुंबे भातकापणीनंतर कांदा, बटाटा व भाजीपाल्याच्या कामासाठी पूर्वेकडील गावांत उतरतात.

कामाचे स्वरूप व आरोग्य

ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली 'उचल' या जोडीने तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडली जाते. त्यामुळे दवाखान्यासाठी एक दिवस काम बुडाल्यास, म्हणजे 'खाडा' झाल्यास, मजुरी बुडते व अनेकदा दंडही कापला जातो. मजुरांची भरती मुकादमामार्फत होत असल्याने त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. परिणामी प्रसूती लाभ कायदा, १९६१ मधील सवेतन रजा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गरोदर स्त्रियाही वाकून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे व डोक्यावरून वाहून नेणे ही कामे करतात.

कोप्यांजवळ शौचालय व स्वच्छ पाण्याची सोय बहुधा नसते. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असल्याने अंधारात बाहेर जाणेही धोक्याचे असते. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. गरोदरपणात या संसर्गावर उपचार न झाल्यास अकाली प्रसूतीचा धोका संभवतो.

प्रसूतिपूर्व सेवा

गरोदरपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी, किमान ४ तपासण्या व्हाव्यात, धनुर्वात-घटसर्प प्रतिबंधक लस द्यावी आणि १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळाव्यात, असे शासकीय निकष आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दरमहा ९ तारखेला मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार (२०११) सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांखेरीज मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय, तर जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत.

या सेवांसाठी रहिवासाची अट नाही. तथापि आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या याद्या गावातील कायम कुटुंबांवर आधारलेल्या असतात. फड बदलला की टोळीचा मुक्काम हलतो आणि ती नव्या गावाच्या यादीत येत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिल्यास आधीचे हिमोग्लोबिन, रक्तगट वा रक्तदाब यांची माहिती नव्या डॉक्टरांना मिळत नाही. रक्तक्षय किंवा वाढता रक्तदाब वेळीच लक्षात येण्यासाठी ही सलग नोंद आवश्यक असते.

पश्चिम पट्ट्यातील स्त्रियांबाबत अडचण वेगळी आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतील (२०१५) गरम जेवण अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाड्यांपुरते असल्याने मजुरीसाठी खाली उतरलेल्या गरोदर स्त्रीला ते मिळत नाही.

गर्भनिरोधन व गर्भाशय शस्त्रक्रिया

दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन सरकारी केंद्रांत मोफत मिळते, परंतु पुढील मात्रेच्या वेळी स्त्री दुसऱ्या तालुक्यात असल्यास खंड पडतो. पाळीच्या तक्रारी व संसर्ग दीर्घकाळ अंगावर काढले जातात. त्याची परिणती अनेकदा गर्भाशय काढून टाकण्यात होते. बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेथील पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. कमी वयात गर्भाशयासोबत बीजकोशही काढल्यास रजोनिवृत्ती लवकर येते व हाडे ठिसूळ होतात.

उपाययोजना

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. मात्र त्यासाठी वेळेत नोंदणी, तपासणी व आधारशी जोडलेले बँक खाते लागते. महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये स्थलांतरित गरोदर स्त्रिया, स्तनदा माता व बालके यांचा मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली निवडक जिल्ह्यांत सुरू केली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटन १० रुपये घेण्याची तरतूद आहे. गाव सोडण्यापूर्वी तपासणी, कार्ड सोबत देणे, मुक्कामाच्या गावातील आशा कार्यकर्तीला पूर्वसूचना आणि सुट्टीच्या दिवशी वा सायंकाळी फडावर फिरते पथक या उपायांनी खाडा न होता सेवा देता येते.

हे सुद्धा पहा

ऊसतोड कामगार
जननी सुरक्षा योजना
एकात्मिक बाल विकास सेवा योजना