अंकीय न्यायसहायक विज्ञान

संगणक, भ्रमणध्वनी, चित्रीकरणाचे कॅमेरे इ. साधनांत अंकीय स्वरूपात साठविलेली माहिती शोधणे, तिच्यात बदल होऊ न देता ती जतन करणे, तिचे विश्लेषण करणे व न्यायालयापुढे पुरावा म्हणून मांडता येईल असा तिचा अहवाल देणे, हे या शास्त्राचे कार्य होय. न्यायसहायक विज्ञानाच्या जुन्या शाखांत रक्त, विष, बोटांचे ठसे अशा मूर्त वस्तूंची परीक्षा होते. अंकीय नोंद मात्र डोळ्यांना दिसेल अशी खूण न ठेवता बदलता येते आणि तिची प्रत मुळाहून वेगळी ओळखता येत नाही. त्यामुळे नोंदीत काय आहे याइतकेच ती कोठे निर्माण झाली व कोणाच्या ताब्यात होती, यालाही महत्त्व येते.

उगम व पद्धती : अमेरिकेच्या फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन या संस्थेने १९८४ मध्ये चुंबकीय माध्यमांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. पुढे या कामाची एक शिस्त ठरत गेली. मूळ साधनावर काही लिहिले जाऊ नये म्हणून ते रोधक उपकरणामार्फत जोडतात, त्याची तंतोतंत प्रत घेतात व परीक्षण प्रतीवरच करतात. नोंदीवर गणिती प्रक्रिया करून ‘हॅश मूल्य’ काढले जाते. नोंदीतील एक अक्षर बदलले, तरी हे मूल्य बदलते. म्हणून मूळ व प्रत यांची मूल्ये जुळणे ही अभंगतेची कसोटी मानतात.

भारतातील विकास : भारतातील पहिली राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा १९५२ मध्ये कलकत्ता येथे व मुंबईची १९५८ मध्ये स्थापन झाली. अंकीय पुराव्यास कायद्याचे अधिष्ठान माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने दिले. त्यान्वये भारतीय पुरावा अधिनियमात कलम ६५ ब घालण्यात आले व अंकीय नोंदीच्या प्रतीसोबत जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. अंकीय गुन्ह्यांची व्याप्तीही वाढत गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक प्रणालीत घुसून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडण्यात आले. त्यातील बरीच रक्कम देशोदेशीच्या एटीएम यंत्रांतून काढली गेली होती.

जालन्याचा खटला : प्रमाणपत्राचा प्रश्न निर्णायक ठरला तो लोणार तालुक्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील एका निवडणूक वादात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर सादर झाले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्याचा आधार होता. परंतु वारंवार मागणी करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निर्णय अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी यावर निर्णय दिला. प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र मूळ साधनच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास ते लागत नाही, असे पीठाने म्हटले. सर्व प्रयत्न करूनही प्रमाणपत्र न मिळाल्यास अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही, हे तत्त्व लावून अर्जदारांना सूट देण्यात आली. इतर पुराव्यानेही तोच निष्कर्ष निघत असल्याने अपील फेटाळले गेले. तोवर त्या विधानसभेची मुदत २०१९ मध्येच संपली होती.

वाढते महत्त्व : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते व तज्ज्ञाचीही स्वाक्षरी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले असून सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे हे शास्त्र आता महानगरांतील प्रयोगशाळांपुरते राहिलेले नाही. लोणारसारख्या तालुक्याच्या ठिकाणी जप्त झालेल्या भ्रमणध्वनीची मोहोरबंदी, नोंद व पाठवणी यांत चूक झाली, तर पुढील परीक्षण कितीही काटेकोर असले, तरी पुराव्याविषयी शंका उरते. जालन्यात नोंद शासकीय कॅमेऱ्यांनीच केलेली होती. तिची ग्वाही देणारा कागद मात्र वेळेवर मिळाला नाही. अंकीय पुराव्याचे मोल उपकरणांइतकेच त्यांची जबाबदारी घेणाऱ्या माणसांवर अवलंबून असते, हे या खटल्याने दाखवून दिले.